कशेळ्याच्या जीपचं पॅकिंग

१ फेब्रुवारी १९७१, सोमवार

आजपासून अठ्ठावीस दिवस मी फॅक्टरीचा फिटर नाही. बिनपगारी रजा मंजूर झाली. १ मार्चला सकाळच्या पाळीला हजर झालो नाही तर नाव कमी करू, असं साहेबांनी दोनदा बजावलं. मी म्हटलं, "साहेब, तोपर्यंत मी एक तर जीपचा मालक झालेला असेन, नाहीतर तुमच्या दारात उभा असेन." साहेब हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही, हे मी आठ वर्षं बघतोय.

जीप माझ्या सासऱ्यांची, आबाजीमामांची. लढाईच्या वेळची, लष्कराच्या लिलावात घेतलेली. पंधरा वर्षं मामांनी ती कशेळे ते कर्जत चालवली. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, शाळामास्तर, अडलेल्या बाळंतिणी, सगळं वाहिलं. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले आणि गाडी आंब्याखाली लागली ती लागलीच. जयवंता त्यांची एकुलती एक. मामा म्हणाले, "चालवशील तर तुझी. नायतर होळीच्या आदी इकून टाकतो."

विषय काढला जयवंतानंच, पण रागानं. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "नुसतं खोकत बसन्यापरीस बाबांची जीप तरी बगा." टोमणा होता. आठ वर्षांची कायम नोकरी सोडावी असं कुठल्या बायकोला वाटेल? पण मी टोमणा झेलला आणि रजेचा अर्ज टाकला. आता ती गप्प आहे. गाडी धडधडीत चालू झाली की तिचीही समजूत पटेल.

खोकला थंडीचा आहे. गेली चार वर्षं आमच्याकडे थंडी जरा जास्तच पडते.

३ फेब्रुवारी, बुधवार

जीप घरी, दहिवलीला आणली. टायरमध्ये हवा, नवी बॅटरी, प्लग साफ केले आणि तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. मामा शेजारी बसून आले. वाटेत डोळे मिटून इंजिन ऐकत होते. खडखडणारा एक नट त्यांनी नुसत्या आवाजावरून सांगितला. म्हातारा अजून पक्का आहे.

दारात उभी केली तर खाली तेलाचा एक थेंब पडला. अर्ध्या तासानं दुसरा. मामांना सांगितलं तर म्हणाले, "तो पडतोच रं. पंधरा वर्सं पडतोय. पडू दे."

पडू दे म्हणे! फॅक्टरीत माझ्या हातचा जॉइंट कधी गळला नाही. नळ्यांतून उकळती वाफ जाते, ॲसिड जातं, आणि माझ्या जॉइंटवर बोट फिरवलं तर बोट कोरडं निघतं. सहदेवच्या दारातली गाडी तेल गळवते हे लोकांनी बघायचं का?

इंजिनच्या पोटाखाली तेलाची पत्र्याची परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. इंजिन आणि चेंबर यांच्यामध्ये पॅकिंग असतं. ते कुजलं असणार. उद्या खळ्यात खड्डा खणतो, वर जीप उभी करतो आणि चेंबर उतरवतो. दोन दिवसांचं काम.

मामा एसटीत बसताना म्हणाले, "सहदेवा, पाना लहान घे." मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी सांगायचं असतं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

चेंबर उतरवला. तळाशी बोटभर काळा गाळ होता, तो रॉकेलनं धुऊन काढला. जुनं पॅकिंग बुचाचं, हात लावताच भुगा झाला.

आता नवं कसलं घालायचं? कर्जतच्या बाजारात गजाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बुचाचं मिळतं. काहीजण जाड कागदाचं कापून घालतात. मला दोन्ही पटेनात. बूच म्हणजे बाटलीच्या तोंडाची वस्तू. माझ्याकडे फॅक्टरीतला जॉइंट शीटचा तुकडा आहे, करडा, चिवट, वाफेला दाद न देणारा. जीपचं तेल त्याच्यापुढे किस झाडकी पत्ती!

शीट चेंबरच्या कडेवर ठेवायची आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं. खालची लोखंडी धार आपोआप शीट कापते. भोकंही तशीच पडतात. हे काम मला फार आवडतं. टकटक करत तासभर गेला आणि शिवलेल्या झग्यासारखं पॅकिंग अंगावर बसलं. जयवंता शिलाई मशीनवरून बघत होती. गावातल्या बायकांची पोलकी ती शिवते. म्हणाली, "कापड लई कडक हाय."

"कापड नाही, जॉइंट शीट आहे," मी सांगितलं.

वीस-एक बोल्ट. पान्याला पाइपचा तुकडा अडकवून शेवटचा पिळा मारला. फॅक्टरीत आम्ही म्हणतो, हात मारायचा तो कायमचा.

६ फेब्रुवारी, शनिवार

कर्जतपर्यंत चक्कर मारून आलो. पूर्वी थेंब पडायचा, आता धार लागली आहे.

बोल्ट अजून अर्धा-अर्धा फेरा आवळले. धार जरा जाड झाली. नक्की कुठला तरी बोल्ट सैल राहिलाय.

७ फेब्रुवारी, रविवार

सगळे बोल्ट पुन्हा आवळले. एक तुटला. तुटका तुकडा बाहेर काढायला दुपार गेली. गल्लीतली दोन माणसं येऊन बसली होती, त्यांना मी सांगितलं की असं होतंच. त्यातला एक म्हणाला, "रस्ता चुकायची भीती नाय, तेलाची रेघ बगत कशेळ्याला जायचं." मी हसलो. मनात मात्र हसलो नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

मी हट्टी माणूस नाही. जॉइंट शीट कडक पडली हे कबूल. ती फॅक्टरीतल्या नळ्यांच्या जाड बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तोंडाला चालते, कारण दोन्ही बाजू सपाट आणि दणकट असतात. चेंबर पडला पत्र्याचा. त्याला मऊ, दबणारं पॅकिंग लागतं, म्हणजे बूच. हे मला आधीच माहीत होतं, फक्त करून बघितलं.

गजाकडे गेलो. त्याच्याकडचं पॅकिंग खिळ्याला टांगून टांगून वाळलं होतं. चेंबरवर धरलं तर भोकं जुळेनात, बोटभर आखूड. मी परत करायला निघालो तर गजा म्हणाला, "दादा, पान्यात टाका. बूच हाय ते, फुगतंय." कोमट पाण्यात तासभर ठेवलं आणि खरंच भोकं बरोबर जुळली. गजा दिसतो तेवढा येडा नाही.

पण मी ते पाणी जयवंताच्या पिण्याच्या पाण्याच्या पातेल्यात घेतलं होतं. त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी बसवलं. पाइप लावून आवळलं. या वेळी नक्की.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन फेऱ्या कोरड्या. तिसऱ्या फेरीला पुन्हा धार. खड्ड्यावर न घेता दारातच गाडीखाली सरपटत जाऊन बघितलं तर बुचाचं पॅकिंग बोल्टापाशी चिरडून जीभ काढल्यासारखं बाहेर आलेलं.

खाली असतानाच खोकल्याची उबळ आली. डोक्यावर इंजिन, पाठीला माती, उठताही येईना. जयवंतानं पाय धरून ओढून बाहेर काढलं. वीस माणसांसमोर! मी तिला म्हटलं, "हे काय दिसतं लोकांना?" ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, उबळ थांबल्यावरसुद्धा.

१४ फेब्रुवारी, रविवार

खरं ते लिहितो. मला भीती वाटायला लागली आहे. निम्मी रजा संपली आणि जीप जशी आली त्याहून वाईट स्थितीत आहे.

दिवसभर विचार केला आणि कारण सापडलं. दोष पॅकिंगमध्ये नाहीच. माझ्या हातचं पॅकिंग गळणं शक्य नाही. म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलेलं असणार, आणि तेल तिथून वाहत येऊन चेंबरच्या कडेनं ठिबकतंय. ते बदलायचं तर अख्खं इंजिन उतरवायला हवं. दोन महिन्यांचं काम, मुंबईहून सामान. ते काही १ मार्चच्या आत होत नाही.

जयवंताला सांगितलं, "जीपचा नाद सोडतो. १ तारखेला कामावर हजर होतो." मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडेल. ती "बरं" म्हणाली आणि माझं ताट वाढलं. स्वतः जेवली नाही. आज कसला तरी उपास असावा.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उठतो तर जयवंता घरात नाही. पहिल्या गाडीनं एकटी कशेळ्याला गेली होती. वडलांना सांगायला गेली असणार की आता विका ती एकदाची. दुपारी परत आली ती मामांना घेऊनच. मामांनी घोंगडीत गुंडाळून आणलेलं काहीतरी ओट्यावर ठेवलं आणि थेट जीपकडे गेले. माझी चौकशीसुद्धा केली नाही.

"मागचं सील गेलंय," मी सांगितलं.

"तू बगितलंस?"

"अंदाज आहे."

"जयवंते, पीठ आन गं," मामा म्हणाले. "तांदळाचं."

मला वाटलं म्हातारा गाडीची पूजा घालतोय. त्यांनी मला चेंबर आणि इंजिनचा खालचा भाग रॉकेलनं पुसायला लावला, अगदी लख्ख. मग खड्ड्यात उतरवून सगळ्या कडेवर पीठ मारायला लावलं. मी पांढरा झालो, इंजिन पांढरं झालं. मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं.

"आता सांग, पयलं कुठं भिजलं?"

मागे पीठ कोरडं ठणठणीत होतं. सील शाबूत. दोन्ही बाजूंना कडेवर मात्र पिठात ओले ठिपके उमटले होते, आणि एकही ठिपका बोल्टापाशी नव्हता. सगळे दोन बोल्टांच्या बरोबर मध्ये.

इतकं आवळूनही मधल्या जागेतूनच गळतंय. ही गोष्ट माझ्या डोक्यात बसेना. आठ वर्षांत असं कधी झालं नाही. मामा म्हणाले, "उद्या चेंबर काड," आणि ओट्यावर आडवे झाले.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझा पाणउतारा झाला, तोही घरातल्या माणसाकडून. तारीख टाकून लिहून ठेवतो.

चेंबर उतरवून ओट्यावर पालथा ठेवला, मग सुलटा केला. मी कडा बघतोय, बोट फिरवतोय, काही दिसत नाही. जयवंता पोलक्याला टाके घालता घालता आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्याला चुन्या पडल्यात."

मी हसलो. म्हटलं, "अगं, चुण्या कापडाला पडतात. हे लोखंड आहे."

"पत्रा हाय," ती म्हणाली. "मशीनचा दोरा जास्त ताणला की टाक्यापाशी कापड आवळतं आन् मदे फुगा ऱ्हातो. तसंच झालंय ह्ये." तिनं मशीनच्या खणातली लोखंडी फूटपट्टी आणली आणि चेंबरच्या कडेवर उभी धरली. "बगा."

पट्टी भोकाभोकापाशी टेकली होती, आणि दोन भोकांच्या मधून ओट्यापलीकडची कोंबडी दिसत होती.

प्रत्येक भोकापाशी कड वर ओढली गेली होती. म्हणजे जितकं आवळलं तितकं बोल्टापाशी दबलं आणि मध्ये उघडं पडलं. नळ्यांच्या जाड बिडाच्या कडांवर पाइप लावून आवळायची सवय मी पत्र्याच्या परातीवर चालवली. मामांच्या हाती पंधरा वर्षं नुसता थेंब थेंब पडायचा, त्याची धार मी केली. पॅकिंगचा दोष नव्हता, सीलचा नव्हता, गजाचा नव्हता.

मामा ओट्यावरून म्हणाले, "पाना लहान घे म्हनलो होतो." एवढंच. पुन्हा बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

रात्री जेवताना मी जयवंताला म्हटलं, "तू फिटर व्हायला हवी होतीस." ती लाजली. बऱ्याच दिवसांनी लाजलेली बघितली.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेशनजवळच्या लोहाराकडून रुळाचा हातभर तुकडा उसना आणला. त्यावर चेंबरची कड ठेवून, भोकाभोकापाशी वर आलेला पत्रा हलक्या हातानं ठोकून खाली बसवला. मी ठोकायचो, जयवंता पट्टी लावून बघायची. "अजून इकडं." "आता बास." "बास म्हनलं ना!" दोन दिवस हेच. शेवटी पट्टीखालून कोंबडीच काय, उजेडही दिसेना.

गजाकडून नवं बुचाचं पॅकिंग आणलं आणि भिजवलं, माझ्या स्वतःच्या बादलीत. मग वाळत घातलं. शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या चिकट रोगणाचा, पातळ हात फक्त चेंबरच्या बाजूला दिला, इंजिनच्या बाजूला नाही, म्हणजे पुढच्या वेळी खरवडायला नको. मी आधी दोन्ही बाजूंना चोपडणार होतो. मामा म्हणाले, "भिंत सारवतोस काय?" चार कोपऱ्यांत मात्र एकेक थेंब जास्त, कारण तेल कोपऱ्यातूनच वाट काढतं.

मग आवळायची वेळ आली. मामांनी घोंगडीतली वस्तू काढली. एवढासा पाना, वितीपेक्षा लहान, दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालेला. "दोन बोटांत धर. मधनं सुरू कर, मग एकदा डाव्या बाजूचा, एकदा उजव्या. बूच दबलं की थांब. चिरडू नको."

मी दोन बोटांत धरला. पहिला बोल्ट बरोबर. दुसऱ्याला नकळत मूठ वळली. तिसऱ्याला पण. मनगट ऐकतच नव्हतं. आठ वर्षांची सवय हो, हाताला काय कळतं समोर काय आहे ते. मामा म्हणाले, "थांब." मी थांबलो. मी खरंच रडायच्या बेताला आलो होतो. हातचं काम हाताला येत नाही, हे फिटरला किती लागतं ते फिटरलाच ठाऊक.

मग मी पाना जयवंताकडे दिला.

ती पदर खोचून खड्ड्यात उतरली. दोन बोटं, मध्यापासून बाहेर, एक डावीकडे एक उजवीकडे. प्रत्येक बोल्टाला जिथं थांबायचं तिथं तिचा हात आपोआप थांबत होता. मी आवळलेले तीनही तिनं सैल करून पुन्हा घेतले. वर येऊन म्हणाली, "दोऱ्याचा ताण कळतो तसंच कळतंय."

देखरेख माझी होती.

२० फेब्रुवारी, शनिवार

काल इंजिन तापवून तिनं पुन्हा एकेक बोल्ट पाव-पाव फेरा घेतला. कर्जत, परत दहिवली. खाली वर्तमानपत्र अंथरलं. आज सकाळी बघितलं, कोरडं.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

पाच दिवस कशेळ्याच्या फेऱ्या चालल्या आहेत. सकाळी दुधाचे कॅन आणि मास्तर, बाजारच्या दिवशी भाजी आणि आठ-आठ माणसं. गाडी थांबली की मी आधी खाली वाकून बघतो. लोकांना वाटतं मी गाडीच्या पाया पडतो. एकही थेंब नाही. मामांच्या काळातला तो एक थेंबसुद्धा नाही, हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "बरं झालं," आणि तोंड फिरवलं. म्हाताऱ्याला जरा लागलं असावं.

उघडी गाडी, वारा छातीवर घेत जायचं. मजा येते. खोकलाही कमी आहे. थंडी संपत आली ना.

२८ फेब्रुवारी, रविवार

उद्या १ तारीख. जीप उत्तम चालते हे सिद्ध झालं. आता मी मोठ्या मनानं वागायचं ठरवलं. दुपारी जयवंताला म्हटलं, "तुझ्या मनासारखं करतो. जीप आता चांगल्या भावात जाईल, मामांना विकायला सांग. मी उद्या पहिल्या पाळीला हजर होतो. युनिफॉर्म काढून ठेव."

तिनं मशीन थांबवलं. मग जे बोलली ते आठवेल तसं लिहितो, कारण विसरता कामा नये.

"माज्या मनासारकं? तुमाला म्हाईत हाय काय माज्या मनात काय हाय ते? तुमच्या खात्यातला बुधाजी असाच खोकायचा. तोबी म्हनायचा थंडी हाय. त्याची बायको मोतीबाई आता कुनाची धुनी धुते ते बगता ना तुमी? चार वर्सं मी राती जागी असते. तुमी खोकता ते मोजते. मागल्या दिवाळीला चाळीस होते, ह्या दिवाळीला सत्तर. सत्तर! कुनाला सांगू? तुमाला सांगितलं तर तुमी हसता. म्हनून बाबांच्या पाया पडले, म्हनलं, जीप द्या, ह्यांना त्या फॅक्टरीतनं भाईर काडायचंय. म्हनून तुमाला डिवचलं. मला पगार नको. जीप नको. तुमी हवे."

आणि रडायला लागली. मशीनवर डोकं ठेवून.

मी बुधाजीच्या मयताला गेलो होतो. खांदा दिला होता. परत येताना बाकीच्यांबरोबर म्हणालो होतो की गडी मुळातच नाजूक. आज पहिल्यांदा आठवलं की बुधाजी माझ्यापेक्षा थोराड होता.

मला लाज वाटली. चार वर्षं एक माणूस माझ्या शेजारी जागं होतं आणि मी तिच्या तोंडाकडे बघून रोज भलतंच वाचत होतो. तिला जवळ घेतलं. म्हटलं, "युनिफॉर्म काढू नको." एवढंच सुचलं.

१ मार्च, सोमवार

पावणेसातला कशेळ्याहून निघालो. रात्री आम्ही दोघं मामांकडेच राहिलो होतो, आता जयवंता माझ्या शेजारी बसली होती. मागे दूध आणि मास्तर. कर्जतच्या नाक्यावर फॅक्टरीची बस उभी होती. आमच्या खात्यातली माणसं खिडकीतून ओरडली, "सहदेव, चल की!" मी हात हलवला. आठ वर्षं होती ती. बस रसायनीकडे वळली, मी बाजाराकडे वळलो. आता नाव कमी झालं असेल.

कॅन उतरवून झाल्यावर चहा घेतला. जयवंता बशीतला चहा फुंकत होती. मी विचारलं, "काल रात्री किती होते?"

"काय किती?"

"खोकले."

तिनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हाईत नाय. झोप लागली मला."